चौकटीबाहेर उभी केलेली गाडी

मागच्या दिवाळीत साताऱ्याला गेले होते, तेव्हा टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर आईला आमच्या रोड ट्रिपचे फोटो दाखवले. ती आमच्याकडे सॅन होजेला आली होती, तेव्हाची ट्रिप. योसेमिटी, डेथ व्हॅली, लास व्हेगस, ग्रँड कॅन्यन आणि परत. नऊ दिवस आणि दीड हजारांवर फोटो. बहुतेक फोटोंत आई आहे : कठड्याला टेकलेली, पदर सावरलेला, पायात पांढरे बूट, पाठीमागे दरी. ती कौतुकानं बघत होती, पण कुठली दरी कुठली, हे तिला आठवत नव्हतं. मग मध्येच म्हणाली, "त्या पंपावरच्या बाईचा नाही का गं फोटो?"

बार्स्टोजवळच्या एका पेट्रोलपंपावर तिला गोळी घ्यायला कोमट पाणी हवं होतं. आतल्या दुकानात फरशी पुसणाऱ्या बाईला तिनं सरळ मराठीत सांगितलं. बाई स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलली आणि कागदी पेल्यात पाणी घेऊन आली. मग दोघी बाहेरच्या बाकावर बसून हसत बोलत होत्या. नवरा पेट्रोल भरत होता. मी गाडीच्या पुढच्या काचेवर चिकटलेले किडे खरवडत होते. पुढचे फोटो स्वच्छ यायला हवेत ना! त्या बाईचा फोटो नाही. नऊ दिवसांतला निम्मा जागता वेळ ज्या गाडीत गेला, त्या गाडीचाही नाही.

सॅन होजेला परतल्यावर रॉबर्ट फ्रँक यांचं 'द अमेरिकन्स' पुन्हा शेल्फातून काढलं. रोड ट्रिपच्या छायाचित्रणाचा विषय निघाला की या पुस्तकाला वळसा घालून जाता येत नाही. फ्रँक मूळचे स्वित्झर्लंडचे, झुरिकच्या ज्यू कुटुंबातले. 1947मध्ये अमेरिकेत आले. 1955मध्ये गुगेनहाइम फेलोशिप मिळाली, तेव्हा जुनी फोर्ड गाडी घेऊन देशभर हिंडले. 767 रोल, सुमारे 27,000 छायाचित्रं. त्यांतून पुस्तकात आली फक्त 83. पुस्तक आधी 1958मध्ये पॅरिसला छापलं गेलं, पुढच्या वर्षी अमेरिकेत. तिथल्या छायाचित्रणाच्या मासिकांनी ते धुऊन काढलं. फोटो धूसर, क्षितिजं तिरकी, काम गचाळ, आणि वर देशाची बदनामी, असा एकूण सूर होता.

हे पुस्तक मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा 'निसर्ग कुठाय?' असंच वाटलं होतं. ज्या देशाच्या कॅलेंडरांत दऱ्या आणि धबधबे मावत नाहीत, तिथे हा माणूस हजारो मैल फिरला, आणि दाखवतोय काय, तर ज्यूकबॉक्स, उपाहारगृहांची काउंटरं, रस्त्याकडेचे क्रॉस! 'देखावा' म्हणावा असं एक चित्र आहे, मोंटानातल्या ब्यूट गावचं. तेही हॉटेलच्या खोलीतून घेतलेलं : दोन्ही बाजूंना जाळीचे पडदे, मधल्या फटीतून दिसणारी काळवंडलेली छपरं आणि खाण. पडदे बाजूला सारून फक्त गाव टिपता आलं असतं. त्यांनी पडदे ठेवले. मी इथे परका आहे, भाड्याच्या खोलीतून बघतो आहे, हे चित्रातच कबूल केलं.

याच्या अगदी उलट टोकाला अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स. त्यांचं 'मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको' हे 1941चं छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. काळं आकाश, वर चंद्र, खाली लहानसं गाव आणि मावळतीच्या उजेडात चमकणारे कबरस्तानातले क्रॉस. ते कसं निघालं, याची गोष्ट खास रोड ट्रिपची आहे. अ‍ॅडम्स गाडीतून परतत असताना हे दृश्य दिसलं. त्यांनी गाडी कडेला घातली, टपावरच्या फळीवर कॅमेरा लावला. प्रकाशमापक सापडेना, तेव्हा चंद्राच्या तेजाचा आकडा आठवून हिशेब केला. एकच चित्र मिळालं. दुसरं घेईपर्यंत क्रॉसांवरचं ऊन गेलं होतं. चित्रात मात्र ना गाडी, ना रस्ता, ना ती धांदल. पृथ्वी कुणी बघायच्या आधीपासून अशीच शांत असावी, असं वाटतं. कॅमेरा गाडीच्या टपावर उभा आहे आणि गाडी चौकटीबाहेर.

आपण सगळे अ‍ॅडम्सच्या शाळेतले, फक्त त्यांचं कसब आपल्याकडे नाही. योसेमिटीत 1933मध्ये वावोना बोगदा झाला, आणि त्याच्या तोंडाशी 'टनेल व्ह्यू' नावाची जागा आहे. डावीकडे एल कॅपिटन, उजवीकडे ब्राइडलव्हेल धबधबा, मधोमध लांबवर हाफ डोम. चौकट आधीच आखून दिलेली. आपण पार्किंगमध्ये गाडी लावायची, दगडी कठड्यापाशी आपली पाळी आली की माणूस मध्ये उभा करायचा आणि बटण दाबायचं. आमच्या फोटोतही मागे शंभरेक गाड्या असतील. मी हात उंच धरून, वाकून, एकही येऊ दिली नाही. ती जागा सुंदर नाही, असं म्हणण्याचा करंटेपणा मी करणार नाही. पण तिथला माझा फोटो माझा कितपत आहे?

फ्रँकच्या पुस्तकात गाडी आत येते. दोन ताडांच्या मध्ये आच्छादन घालून ठेवलेली गाडी; पान उलटलं की विन्स्लो आणि फ्लॅगस्टाफच्या मधला रस्त्यावरचा अपघात, ब्लँकेटखाली झाकलेलं कुणीतरी, शेजारी उभी माणसं; आणि त्यानंतर न्यू मेक्सिकोतला सरळसोट रस्ता, लांबून येणारी एकच गाडी. आच्छादन, ब्लँकेट, रस्ता. या तीन चित्रांनंतर मोकळ्या रस्त्याची कविता करणं अवघड होतं. फ्लॅगस्टाफला आम्हीही मुक्काम केला होता. माझ्याकडे तिथला फोटो आहे तो सूर्यास्ताचा.

पण फ्रँकपुढे नुसतं नतमस्तक होणंही मला पटत नाही. 27,000मधून 83 निवडणारा माणूस वगळतोच, आणि त्यांनी बरंचसं हसू वगळलं आहे. त्यांची उदासी ही त्यांची निवड आहे, अमेरिकेचा पंचनामा नव्हे. पुढे त्या उदासीचीही शाळा निघाली. आज निर्मनुष्य पेट्रोलपंप आणि ओसाड मोटेलची पाटी टिपणं हे टनेल व्ह्यूवर उभं राहण्याइतकंच ठरीव झालं आहे; फक्त कठडा दिसत नाही. शिवाय न्यू ऑर्लिन्सच्या ट्रॉलीचं ते गाजलेलं चित्र, पुढे गोरे आणि मागे काळे, यात मागच्या खिडकीतला कृष्णवर्णीय माणूस थेट कॅमेऱ्याकडे पाहतो. त्या नजरेला फ्रँकनी काय उत्तर दिलं? चित्र काढलं आणि पुढे गेले. पुढे जाता येणं ही गाडीवाल्याची सोय आहे. अर्थात आर्कान्सामध्ये खुद्द त्यांनाही पोलिसांनी संशयावरून काही तास डांबलं होतं, हेही विसरता येत नाही.

म्हणून मला पुस्तकाचं शेवटचं चित्र सर्वांत मोलाचं वाटतं. टेक्ससमध्ये डेल रिओच्या वाटेवर रस्त्याकडेला उभी गाडी, तीही अर्धीच चौकटीत. आत फ्रँकची बायको आणि मूल, दमलेली. 82 चित्रं दुसऱ्यांकडे बघितल्यावर कॅमेरा स्वतःच्या गाडीकडे वळतो. या बघण्याची किंमत कोण मोजत होतं, ते दिसतं. अ‍ॅडम्सच्या चंद्रापुढे हे चित्र देखणं नाही, पण ते बघितल्यावर आधीच्या 82 चित्रांवर माझा विश्वास बसतो.

मग पंपावरच्या बाईचा फोटो काढायला हवा होता का? मला तसं वाटत नाही. मी फोन उगारला असता तर दोघीही सावरून बसल्या असत्या, आईनं पदर ठीक केला असता, आणि बोलणं तिथेच थांबलं असतं. पण काच पुसणं सोडून बाकावर जाऊन बसता आलं असतं.

परवा फोनवर आईला विचारलं, एवढं काय बोलत होतात?

"तिला तीन मुली आहेत. धाकटी शिकतेय."

"तुला कसं कळलं?"

"बोटं दाखवली की तिनं," आई म्हणाली. "आणि गाडीकडे बोट करून विचारलं, ती तुझी का? मी म्हटलं, हो, ती काच पुसतेय ती."