प्रश्नावलीतला मुख्याध्यापक आणि वाडीवरची दोन शिक्षकी शाळा

पेट झाली, कोर्सवर्क संपत आलं, आता आराखड्यासाठी विषय हवा. शिक्षणशास्त्रात अशा वेळी एक विषय हमखास हाताशी असतो. ‘मुख्याध्यापकांची नेतृत्वशैली आणि शाळेची संघटनात्मक संस्कृती यांतील सहसंबंध’, आणि पुढे आपल्या जिल्ह्याचं नाव. प्रमाणित प्रश्नावली तयार मिळते, शिक्षक ओळखीचे असतात, सहसंबंध गुणक काढता येतो. विषय चांगलाच आहे. पण त्याच्यासोबत जी प्रश्नावली येते, ती रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात काय मोजते, हे आपण फारसं विचारत नाही. ते आज बघू.

या घराण्यातली सगळ्यात जुनी आणि अजूनही वापरात असलेली प्रश्नावली म्हणजे अँड्र्यू हॅल्पिन आणि डॉन क्रॉफ्ट यांची. त्यांनी ती अमेरिकेतल्या ७१ प्राथमिक शाळांमधल्या १,१५१ जणांच्या उत्तरांवरून बेतली आणि १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. ६४ विधानं, आठ घटक. चार घटक शिक्षकांच्या वागण्याचे: कामापासून अलिप्तता, अडथळा, उत्साह, जवळीक. चार मुख्याध्यापकाच्या वागण्याचे: दुरावा, कामावरचा भर, पुढाकार, आपुलकी. यांच्या मिश्रणातून ‘मुक्त’पासून ‘बंदिस्त’पर्यंत वातावरणाचे सहा प्रकार. मोतीलाल शर्मा यांनी तिचं भारतीय रूप तयार केलं आणि आपल्याकडच्या कितीतरी प्रबंधांमध्ये ते वापरलं गेलं.

आधी तिचं श्रेय तिला देऊ. शाळेचं वातावरण ही हवेतली गोष्ट आहे, ती मोजता येत नाही, असं मानलं जायचं, तेव्हा या दोघांनी ती शिक्षकांच्या रोजच्या अनुभवातून मोजून दाखवली. पुढे वेन हॉय आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात तिची दुरुस्ती केली, प्राथमिक आणि माध्यमिक शाळांसाठी वेगवेगळी रूपं केली. म्हणजे मूळ परंपरेतल्या लोकांनाही ‘एकच माप सगळीकडे’ हे पटलं नव्हतं. आपण मात्र तेच माप घेऊन थेट वाडीवर जातो.

आता वाडीवरची शाळा बघा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक. स्वतंत्र मुख्याध्यापक हवा असेल तर पट १५० च्या वर लागतो. सहावी ते आठवीसाठी ती मर्यादा १०० आहे. मंडणगडपासून राजापूरपर्यंत डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या, आणि घरटी कोणीतरी मुंबईला. अशा ठिकाणी १५० चा पट कुठून येणार? दोनपैकी एक शिक्षक प्रभारी मुख्याध्यापक असतो. तोच दोन-तीन वर्ग एकत्र शिकवतो, पोषण आहाराची नोंद ठेवतो, ऑनलाइन माहिती भरतो आणि केंद्रावरच्या बैठकीलाही जातो.

या शाळेत ती ६४ विधानं वाटली की तीन अडचणी येतात. त्या नीट समजून घ्या, कारण मौखिक परीक्षेत कोणी विचारलं नाही तरी तुमच्या निष्कर्षात त्या बसलेल्या असतात.

पहिली अडचण: ‘शिक्षकवृंद’ कुठे आहे? जवळीक, उत्साह हे गटाचे गुण आहेत. इथे मुख्याध्यापक वगळला तर गटात एकच माणूस उरतो. शाळेची सरासरी काढायची तर दोन उत्तरांची काढायची, आणि त्यातलं एक उत्तर ज्याच्याबद्दल विचारतोय त्याचंच! ‘नाव लिहू नका, माहिती गोपनीय राहील’ हे वाक्य तर इथे निरर्थक आहे. भरलेला कागद कुणाचा, हे दोघांनाही माहीत असतं. अशा वेळी गुरुजी सगळीकडे ‘नेहमी’वर खूण करतात, आणि आपण क्रोनबाख अल्फा चांगला आला म्हणून खूश होतो. उत्तरं एकमेकांशी जुळली म्हणजे ती खरी झाली असं नाही. विश्वसनीयता आणि सप्रमाणता यांतला फरक पेटसाठी पाठ केला होता ना? तो वापरायची जागा ही.

दुसरी अडचण मला जास्त गंभीर वाटते. ‘अडथळा’ या घटकात हॅल्पिन आणि क्रॉफ्ट यांना अभिप्रेत आहे ते असं: मुख्याध्यापक शिक्षकांवर नेमकं न शिकवण्याचंच ओझं टाकतो, म्हणजे समित्या, कागदपत्रं, बारीकसारीक कामं. जिल्हा परिषदेच्या शाळेत हे ओझं कोण टाकतं? मतदार यादीचं काम निवडणूक यंत्रणा देते. माहितीचे तक्ते पंचायत समितीकडून येतात, तेही ‘आजच्या आज’. प्रभारी मुख्याध्यापक स्वतः त्याच ओझ्याखाली असतो. पण प्रश्नावलीत या घटकाचे गुण जास्त आले की वातावरण ‘बंदिस्त’कडे झुकतं, आणि प्रबंधाच्या शिफारशीत छापून येतं: मुख्याध्यापकांना नेतृत्व प्रशिक्षण द्यावे. व्यवस्थेचा दोष त्या एका माणसाच्या नावावर चढतो. बिचाऱ्याला नेता म्हणून पद नाही, पण नापास मात्र नेता म्हणून होतो.

तिसरी अडचण आकडेमोडीची. नेतृत्वाची आणि संस्कृतीची, दोन्ही प्रश्नावल्या एकाच शिक्षकाकडून एकाच बैठकीत भरून घेतल्या, तर सहसंबंध येणारच. साहेबांवर खूश असलेला माणूस दोन्हीकडे चांगलं लिहितो. शिवाय चल शाळेचा असतो आणि आपण मोजतो शिक्षक. ३० शाळांमधले ३०० शिक्षक घेतले तरी शाळा ३० च. नमुना ३०० चा धरून सार्थकता पातळी सांगितली की निष्कर्ष आहे त्यापेक्षा भक्कम दिसतो.

‘मग आम्ही खासगी अनुदानित हायस्कुलं घेतो, तिथे शिक्षक भरपूर असतात’, असं कोणी म्हणेल. घ्या, पण तिथे वेगळा पेच आहे. १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आणि त्याखालची १९८१ ची नियमावली यांप्रमाणे अटी पूर्ण करणाऱ्या सर्वांत सेवाज्येष्ठ शिक्षकाला मुख्याध्यापक करायचं असतं. त्यामुळे खुर्ची मिळते तेव्हा अनेकदा निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली असतात. मोठे निर्णय संस्थेच्या कार्यकारिणीत होतात. अशा शाळेत फक्त मुख्याध्यापकाची ‘परिवर्तनवादी शैली’ मोजली आणि संस्थेच्या कार्यवाहांबद्दल एकही प्रश्न विचारला नाही, तर आपण नेमकं कुणाचं नेतृत्व मोजलं?

संशोधनसाहित्यही इथे जपून वापरावं लागतं. फिलिप हॅलिंजर आणि रोनाल्ड हेक यांनी १९९० च्या दशकात आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला. मुख्याध्यापकाचा मुलांच्या शिकण्यावरचा परिणाम बहुतांशी अप्रत्यक्ष असतो, शिक्षकांमार्फत आणि शाळेच्या वातावरणामार्फत पोचतो, असं त्यांनी मांडलं. हे वाक्य प्रकरण दोनमध्ये सगळेच टाकतात. पण आपला मुख्याध्यापक स्वतः तिसरी-चौथी शिकवतो. त्याचा परिणाम थेट फळ्यावरून होतो. जे प्रतिमान उद्धृत करतो त्याची गृहीतकं आपल्या शाळेत लागू आहेत का, एवढं तपासलं तरी प्रकरण दोन जिवंत होईल.

मग संस्कृती बघायची कशी? एडगर शाइन यांनी १९८५ च्या पुस्तकात तीन थर सांगितले: डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी, तोंडाने सांगितलेली मूल्यं, आणि कोणी बोलून दाखवत नाही अशा पक्क्या समजुती. प्रश्नावली मुख्यतः दुसऱ्या थरात फिरते. इतिहासातलं उदाहरण घेऊ. सार्वजनिक शाळा, पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. तरीही शाळांमध्ये मुलांना जातीप्रमाणे वेगळं बसवणं चालूच होतं. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांना मुलांच्या सरमिसळ बसण्यासाठी मोहीम चालवावी लागली. त्या काळी ‘आपल्या शाळेत सर्वांना समान वागणूक मिळते का?’ असं विचारलं असतं, तर ठरावाकडे बोट दाखवून ‘हो’ म्हणता आलं असतं. खरं उत्तर मुलं कुठे बसतात, यात होतं.

कागद आणि वर्ग यांतलं हे अंतर आजही मोजलं गेलंय. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग यांनी मध्य प्रदेशातल्या शाळा-सुधार कार्यक्रमाचा मोठा प्रयोगात्मक अभ्यास केला, तो २०२० मध्ये आला. शाळांचं मूल्यमापन झालं, सुधारणा आराखडे तयार झाले. पण शाळेच्या कारभारात आणि मुलांच्या शिकण्यात फरक दिसला नाही. आराखडा ‘सादर करणे’ हेच काम होऊन बसलं. ही सुद्धा संघटनात्मक संस्कृतीच आहे, आणि ती एका शाळेची नसून अख्ख्या खात्याची आहे.

यावरून माझी सूचना अशी. रत्नागिरीत अभ्यासाचं एकक शाळा न धरता केंद्र धरून बघा. केंद्रप्रमुख आणि त्याच्या हाताखालच्या शाळा मिळून खरा ‘शिक्षकवृंद’ तयार होतो. शिक्षण परिषदेत कोण बोलतं, कोण नुसती सही करून जातं, केंद्रप्रमुख वर्गात बसतो की दप्तर तपासून निघतो, हे बघता येतं. दुसरं, साधन निवडण्याआधी दहा निर्णयांची यादी करा: मुख्याध्यापकाच्या अधिकारातली सुट्टी गणपतीत द्यायची की शिमग्याला, कोणता वर्ग कुणी घ्यायचा, अनुदान कशावर खर्च करायचं, एक शिक्षक बैठकीला गेला तर दुसऱ्याने पाचही वर्ग कसे सांभाळायचे. प्रत्येकापुढे लिहा, हे खरोखर कोण ठरवतं. नेतृत्व कुठे आहे ते त्या यादीत दिसेल, मग मोजायचं कसं ते ठरवा. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यांनाही विसरू नका.

हे सगळं नुसतं पद्धतीचं काटेकोरपण नाही. २०२३ मध्ये राज्य शासनाने कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. पानशेत आणि तोरणमाळ ही उदाहरणं समोर ठेवली होती. अशा चर्चेत ‘लहान शाळांचं वातावरण बंदिस्त आढळलं’ हे तुमच्या प्रबंधातलं एक वाक्य कोणीतरी उचलू शकतं. ते वाक्य ७१ अमेरिकन शाळांवरून बेतलेल्या मापाने आलंय, हे तिथे कोणी विचारणार नाही. पावसाळ्यात पऱ्ह्या ओलांडून दुसऱ्या गावच्या शाळेत जायची वेळ मात्र पहिलीतल्या पोरावर येईल.

तेव्हा प्रश्नावली खुशाल वापरा. पण प्रकरण तीनमध्ये ‘साधनाची निवड’ या मथळ्याखाली एक परिच्छेद जास्त लिहा: हे साधन कोणत्या शाळेसाठी बनलं, माझी शाळा त्यापेक्षा कुठे वेगळी आहे, आणि म्हणून कोणते घटक मी वगळले. मार्गदर्शकांनी विचारलं, ‘हे कशाला?’, तर निर्णयांची ती यादी पुढे ठेवा.