खंडाळ्याची वनसृष्टी आणि चर्चपुढील प्रश्न

मावळातील वनसृष्टीच्या अभ्यासकांमध्ये एका ख्रिस्ती धर्मगुरूचे नाव आदराने घ्यावे लागते. मूळचे स्पेनचे जेसुइट फादर सांतापाव (१९०३-१९७०) हे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे अध्यापक होते. लोणावळ्यालगतच्या खंडाळ्यातील वनस्पतींचा त्यांचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. जे प्रत्यक्ष दिसले त्याचीच नोंद करावी, ही वृत्ती त्यामागे आहे. निसर्गाकडून बोध घेऊ पाहणाऱ्या चर्चने प्रथम हीच वृत्ती अंगीकारणे अगत्याचे आहे.

उत्क्रांतीविषयी चर्चची भूमिका कालांतराने बदलली, हे मान्य केले पाहिजे. १९५० साली पोप पायस बारावे यांनी मानवी देहाच्या उत्पत्तीविषयी संशोधनास सावध मोकळीक दिली. १९९६ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही केवळ अटकळ नसल्याचे सांगितले. २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी मानवाला सृष्टीवर अनिर्बंध सत्ता लाभली आहे, हा अर्थ नाकारला आणि पृथ्वीची हानी व दरिद्री जनांचे दुःख यांची सांगड घातली. हे या परिपत्रकाचे मोठेच श्रेय होय.

तथापि परस्परावलंबनाच्या उपदेशात एक धोका संभवतो. जंगलात प्रत्येक जीवाचे आपले स्थान असते, तसे समाजातही असावे, असे कोणी म्हटले तर? ही शंका काल्पनिक नाही. १९८३ साली माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा यांनी जातिव्यवस्थेची पर्यावरणीय मीमांसा केली. भिन्न जातींनी भिन्न संसाधनांवर उपजीविका केल्याने स्पर्धा घटली, अशी ती मांडणी होती. वर्णन म्हणून तिचा विचार जरूर व्हावा. परंतु वर्णनालाच न्याय मानले की चातुर्वर्ण्य मागील दाराने आत येते. जातीला जीवशास्त्राचा आधार देणारा युक्तिवाद बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिनिर्मूलना’च्या प्रबंधात खोडून काढला होता.

उत्क्रांतीचा खरा धडा याच्या उलट आहे. कोणतेही स्थान सनातन नाही. याच डोंगरउतारांवरील कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि वाळून जाते. तिची जागा नवी रोपे घेतात. तिच्या वाळलेल्या काठ्यांचे कूड माणूस बांधतो. त्या घरात कोणाला प्रवेश द्यावा, हे मात्र कारवी सांगत नाही. तो निर्णय माणसाचाच, आणि म्हणून त्याचे दायित्वही माणसाचेच.

‘लाउदातो सी’नंतर सुमारे दीड वर्षाने, २०१६ साली, भारतातील कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले आणि चर्चमध्ये जातिभेद असल्याची कबुली दिली. हे दोन दस्तऐवज एकत्र वाचले पाहिजेत. जे चर्च सृष्टीतील जीवमात्रांचे नाते मान्य करते, त्याच्या स्मशानात जातीची भिंत उभी राहू शकत नाही. वृक्षारोपणाचे कार्यक्रम स्तुत्य आहेत. पण खरी कसोटी त्या भिंतीपाशीच लागणार आहे.