साठवलेला उजेड

'राजी: ॲन एन्शंट एपिक'मधली मला सर्वांत आवडलेली जागा लढाईची नाही. असुर राजीच्या भावाला, गोलूला पळवून नेतात आणि पुढची कथा मधूनमधून सावल्यांच्या बाहुल्या सांगू लागतात. मागे उजेड, पुढे सपाट आकृत्या. ज्याने सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ठाकर मंडळींचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पाहिलाय, त्याला ही भाषा नव्याने शिकावी लागत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये निंटेंडो स्विचवर आणला. त्या यंत्राची ताकद बेताचीच. पण कॅमेरा उंचावर आणि खेळणाऱ्याच्या हाताबाहेर, त्यामुळे कुठली भिंत उजळायची, कुठला जिना अंधारात ठेवायचा, हे आधीच ठरवता येतं.

कॅमेरा खेळणाऱ्याच्या हाती दिला की खरी पंचाईत सुरू होते. तो कुठे बघेल याचा नेम नाही. यावर जुना उपाय म्हणजे उजेडाचा हिशोब स्टुडिओतच करून डिस्कवर भरून ठेवायचा. २०१८च्या 'मार्व्हल्स स्पायडर-मॅन'मध्ये दिवस आपोआप कलत नाही. कथा पुढे सरकली की वेळ बदलते. कारण प्रत्येक वेळेचा उजेड आधी तयार करून ठेवलेला आहे. म्हणजे उजेड हाही मालच, साठवायचा आणि वाहून आणायचा. नोव्हेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आला आणि 'माइल्स मोरालेस'मध्ये न्यूयॉर्कच्या काचांत समोरचा रस्ता खराखुरा दिसू लागला. ही रे ट्रेसिंगची करामत: त्यात किरणाची वाट त्या क्षणी हिशोबाने शोधली जाते. देखणं आहेच, पण पाचव्या मिनिटाला मी काचांकडे बघणं सोडून दिलं होतं.

वाहतुकीचं काय? प्लेस्टेशन ४ची हार्ड डिस्क सेकंदाला ५० ते १०० मेगाबाइट देई. डिस्कवर शोधाशोध करण्यात वेळ जाऊ नये म्हणून 'स्पायडर-मॅन'मधल्या टपालपेटीसारख्या वस्तूच्या तब्बल चारशे प्रती ठेवलेल्या होत्या, असं प्लेस्टेशन ५चे शिल्पकार मार्क सर्नी यांनी सांगितलं. नव्या यंत्राचा वेग सेकंदाला साडेपाच गिगाबाइट. मनमाडच्या जुन्या माणसांना यातली मेख लगेच कळेल. हैदराबादकडची मीटरगेज गाडी कितीही वेळेवर येवो, मुंबईचा माल ब्रॉडगेजच्या डब्यात हमालांनी चढवल्याशिवाय पुढे जात नसे. म्हणून सर्नींनी नुसती डिस्क वेगवान केली नाही. दाबून भरलेला डेटा उलगडायला वेगळं हार्डवेअर बसवलं, मुख्य प्रोसेसरला हमाली लावली नाही.

उजेड आणि वेग यांची गाठ पडते ती इन्सोम्नियाक स्टुडिओच्या 'रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट'मध्ये (२०२१). ब्लायझार प्राइम हा खाणींचा ग्रह. एका विश्वात तो नांदता आहे, दुसऱ्यात फुटून त्याचे तुकडे अवकाशात तरंगताहेत. स्फटिकावर हातोडा हाणला की अख्खा ग्रह बदलतो, उजेडासकट. मध्ये लिफ्ट नाही, अंग चोरून जायची फट नाही. एरवी लोडिंग लपवायला याच युक्त्या वापरत. मौज वेगाची नाही. सिनेमात दृश्य कुठे तोडायचं हे संकलक ठरवतो. इथे ते माझ्या हातातल्या हातोड्यावर आहे. समोरचा पूल तुटलेला दिसला की आपसूक हात स्फटिकाकडे जातो. दोन उजेडांतला फरक मग शोभेचा राहत नाही, वाट शोधायच्या कामी येतो.

हा गेम २०२३ मध्ये पीसीवर आला तेव्हा साध्या हार्ड डिस्कवरही चालला, मात्र विश्वं बदलताना अडखळत. म्हणजे हा गेम प्लेस्टेशन ५ सोडून 'दुसरीकडे अशक्य' ही जाहिरात जरा फुगवलेलीच होती. माझी तक्रार मात्र वेगळी आहे. ब्लायझार आणि कॉर्डेलियन हे दोन ग्रह सोडले तर एका विश्वातून दुसऱ्यात नेणारी बहुतेक विवरं ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्षणी उघडतात, आणि खेळणारा नुसता ओढला जातो. इतका वेग हाताशी असताना हातोडा पुन्हा दिग्दर्शकाकडेच गेला.