आराखडा दिला, पुढे काय झालं?

“१२ दिवसांत ४ महिला बचत गटांसाठी व्यवसाय आराखडा तयार केला.” हे वाक्य माझ्या पीएच.डी.च्या अर्जासोबतच्या एसओपीमध्ये होतं. एम.एस्सी.च्या सुट्टीत आम्ही सहा जण फी भरून एका संस्थेच्या ‘सल्लागार स्वयंसेवक’ कार्यक्रमात नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात गेलो होतो. शेवटच्या दिवशी पीपीटी, टाळ्या, ग्रुप फोटो, प्रमाणपत्र. सगळं रीतसर झालं.

इंटरव्ह्यूत पॅनेलवरच्या एका सरांनी नेमकं तेच वाक्य पकडलं. “बरं, मग त्या आराखड्यांचं पुढे काय झालं?” दीड वर्ष उलटून गेलं होतं आणि मी एकदाही फोन केला नव्हता. “काम सुरू आहे सर,” असं काहीतरी पुटपुटले. सरांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. ती मान हलवणं मला अजून आठवतं.

घरी येऊन त्यातल्या एका गटाच्या अध्यक्ष ताईंना फोन लावला. हा गट नागलीचे पापड करतो. आमचा सल्ला होता की सुट्या पापडाला भाव मिळत नाही, छापील पिशवी हवी, लोगो हवा. छापणाऱ्याची अट होती कमीत कमी ३,००० पिशव्यांची. गटाने बचतीतून ११,४०० रुपये भरले. पिशव्या आल्या, पण त्यावर एफएसएसएआयचा १४ अंकी नोंदणी क्रमांक नव्हता, कारण नोंदणीच झाली नव्हती. नाशिकच्या दुकानदाराने माल परत पाठवला. “पिशव्या आहेत ना ताई अजून,” त्या म्हणाल्या, “तांदूळ भरून ठेवायला बऱ्या पडतात.” आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे आणखीच लाज वाटली. मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. पापडखारातलं रसायन मी फळ्यावर मांडून दाखवलं असतं, पण आधी नोंदणी आणि मग पिशवी एवढी साधी गोष्ट आमच्या सहा जणांपैकी एकालाही माहीत नव्हती. आणि गावात मात्र आम्ही ‘सल्लागार’.

आता तुमच्यापैकी बरेच जण अर्जांच्या तयारीत आहात. “ताई, अशी ट्रिप एसओपीत टाकली तर वजन पडतं का?” हा प्रश्न मला दर वर्षी येतो. वजन पडतं की नाही ते नंतर बघू. आधी, संशोधनाची तयारी करणारा माणूस म्हणून या ट्रिपकडे कसं बघायचं ते बघू. कारण ‘आम्ही सल्ला दिला आणि गटाचा फायदा झाला’ हा एक दावा आहे, आणि दाव्याला पुरावा लागतो.

हा विषय फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकी विद्यापीठांतली मुलं कित्येक वर्षं उन्हाळ्यात ग्वाटेमालाच्या डोंगराळ गावांत जातात आणि तिथल्या सामाजिक उद्योगांना सल्ला देतात. तिथलं एक प्रारूप मला खरोखर आवडतं. ग्रेग व्हॅन कर्क नावाचे गृहस्थ पीस कोअरचे स्वयंसेवक म्हणून नेबाह भागात राहिले होते. तिथल्या अनुभवातून त्यांनी ‘मायक्रोकन्साइनमेंट’ ही पद्धत उभी केली. म्हणजे काय, तर गावातल्या बाईला कर्ज द्यायचं नाही, माल द्यायचा. वाचायचे चष्मे, पाण्याचे फिल्टर, सुधारित चुली. विकलं गेलं तर तिने पैसे द्यायचे आणि आपला हिस्सा ठेवायचा. नाही विकलं गेलं तर माल परत. सूक्ष्मकर्जात धंदा बुडाला तरी हप्ता बुडत नाही. इथे धोका तिच्या डोक्यावरून काढून संस्थेने स्वतःकडे घेतला. विद्यार्थ्यांच्या तुकड्या याच कामाला जोडलेल्या असतात.

मालही बरा असू शकतो. आसामच्या चहाच्या मळ्यांत ४० वर्षांवरच्या ७५१ मजुरांवर झालेली, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी आहे. चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना जवळचं दिसण्याचा साधा चष्मा आधी दिला, अर्ध्यांना नंतर. चष्मेवाल्यांची पानं खुडण्याची उत्पादकता दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २२ टक्के जास्त वाढली. त्यामुळे चष्मे विकणाऱ्या बाईच्या पाठीशी उभं राहायला माझी काहीच हरकत नाही.

माझा आक्षेप सल्ल्यावर आहे. माल कन्साइनमेंटवर, पण सल्ला मात्र रोखीने! विकला न गेलेला चष्मा परत करता येतो. चुकलेला सल्ला कुठे परत करायचा? पेठच्या ताईंनी त्या ३,००० पिशव्या आम्हाला कुरियर करायच्या होत्या का? आम्हाला प्रमाणपत्र मिळालं, शिकायला मिळालं, एसओपीचं वाक्य मिळालं. ११,४०० रुपये त्यांचे गेले. आणि आपण चुकलो हे आम्हाला कळण्याची कुठलीच वाट त्या कार्यक्रमात नव्हती. ज्या प्रयोगात आपली चूक आपल्याला कधीच दिसणार नाही, त्या प्रयोगातून आपण शिकलो असं म्हणता येईल का?

“पण तज्ज्ञ सल्ल्याने फायदा होतोच की!” हो, होतो, आणि याचा सगळ्यात चांगला पुरावा आपल्याच भागातला आहे. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी मुंबईजवळ तारापूर आणि उंबरगाव पट्ट्यातल्या कापड गिरण्यांवर एक प्रयोग केला. १७ कंपन्या, २८ कारखाने, आणि एका आंतरराष्ट्रीय कंपनीचे पूर्णवेळ व्यावसायिक सल्लागार, फुकट. पेपर २०१३ मध्ये आला. ज्या कारखान्यांना पूर्ण सल्ला मिळाला त्यांची उत्पादकता पहिल्याच वर्षात १७ टक्क्यांनी वाढली. कितीतरी प्रस्तावांत हा पेपर ‘सल्ल्याचा उपयोग होतो’ म्हणून दाखवला जातो.

पण त्यातला कंट्रोल ग्रुप नीट वाचा. पद्धतीचा भाग वाचायचा कंटाळा करू नका, असं मी सारखं सांगते ते यासाठीच. त्या तुलना गटाला काहीच मिळालं नव्हतं असं नाही. त्यांनाही महिनाभर सल्लागार मिळाले होते! त्या महिन्यात कारखान्याची तपासणी झाली आणि कुठे काय सुधारता येईल ते सांगितलं गेलं. दुसऱ्या गटाला ही तपासणी मिळालीच, शिवाय पुढचे चार महिने सल्लागार कारखान्यात येत राहिले, बदल अंगवळणी पडेपर्यंत. तुलना गटाने थोड्या सुधारणा केल्या, पण दुसऱ्या गटाच्या मानाने फारच कमी. १७ टक्के आले ते या दोन गटांतल्या फरकातून.

आता आमची ट्रिप यात बसवून बघा. आम्ही व्यावसायिक नव्हतो, महिना नव्हे तर १२ दिवस होतो, आणि अंमलबजावणीला थांबलो नाही. म्हणजे ज्या पेपरच्या जोरावर अशा ट्रिपांचं समर्थन होतं, त्यात आमची जागा तुलना गटात आहे. तिथेही खालच्या बाजूला. अर्थात कापड गिरणी आणि पापडाचा गट एक नाही, आकडे जसेच्या तसे उचलून लावता येत नाहीत. पण नुसतं निदान सांगून निघून जाणं आणि थांबून ते करून घेणं, यांतला फरक इतका मोठा असेल, तर ‘आमच्या बाबतीत तो नसेल’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी आमच्यावर येते.

याच संशोधकांनी काही वर्षांनी परत जाऊन पाहिलं, तेव्हा रुजवलेल्या सुधारणांपैकी साधारण निम्म्या सुटल्या होत्या. तरीही दोन गटांत फरक उरला होता. पाच महिन्यांच्या कामाची ही कथा. १२ दिवसांचं काय, ते तुम्हीच ठरवा.

“ताई, पण आम्ही शेवटच्या दिवशी फीडबॅक फॉर्म भरून घेतले होते. सगळ्यांनी ‘खूप उपयोगी’ लिहिलं.” आम्हीपण घेतले होते. आम्हालाही पाचपैकी पाच मिळाले. यावर बंगळुरूमध्ये झालेला एक छोटा, गमतीदार अभ्यास आहे, २०१२ चा. लोकांना दोन गोष्टी दाखवून ‘यातली कुठली बरी?’ असं विचारलं. दोन्ही गोष्टी अगदी एकसारख्या होत्या. फक्त त्यातली एक मुलाखत घेणाऱ्याने स्वतः बनवली आहे असं भासवलं. लोकांनी ती पसंत करण्याची शक्यता अडीच पट निघाली. आणि मुलाखत घेणारा परदेशी, सोबत दुभाषी, तर पाच पट. यात कोणी खोटं बोलत नाही. पाहुण्याला ‘तुझं काही खरं नाही’ असं तोंडावर कोण सांगणार? ज्या घरी दुपारी आग्रहाने भाकरी वाढली गेली, त्याच घरात संध्याकाळी फॉर्म भरून घेतला, तर तो फॉर्म काय मोजतो? आदरातिथ्य मोजतो. आमच्या गटाला तर दुभाषी लागला होता, कारण त्या बायका आपसात कोकणा बोलायच्या आणि आमच्याशी बोलताना पुस्तकी मराठी शोधायच्या.

आणखी एक प्रश्न आहे, मोजायचं कधी? इथे माझा स्वतःचा विषय येतो, कारण सध्या मी चुलीच्या धुरातल्या सूक्ष्म कणांवर काम करते. प्रयोगशाळेत सुधारित चूल छान चालते. आकडे इतके सुंदर येतात की आलेख काढायला मजा येते. ओडिशात रेमा हॅना, एस्थर डफ्लो आणि मायकल ग्रीनस्टोन यांनी अशाच चुलींचा अभ्यास केला. सुमारे २,६०० कुटुंबं, चिठ्ठ्या टाकून वाटप, आणि मोजणी चार वर्षांपर्यंत. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. त्यापुढे फरक मावळला. चूल नियमित वापरली गेली नाही, तिची डागडुजी झाली नाही, आणि वापर वर्षागणिक घटत गेला. समजा, मोजणी पहिल्या वर्षीच थांबवली असती, तर? यशाची गोष्ट छापून आली असती, आणि ती सगळी खऱ्या आकड्यांवरच उभी असती.

आम्ही तर तेराव्या दिवशी थांबलो. तेव्हा मोजण्यासारखं काय होतं? किती बैठका, किती स्लाइड, किती गट. हे झालं ‘किती काम केलं’. ‘काय बदललं’ हा वेगळा प्रश्न आहे. त्याचं उत्तर यायला पुढचा पापडाचा हंगाम यावा लागतो.

आक्षेप नवा नाही. १९६८ मध्ये इव्हान इलिच यांनी मेक्सिकोत स्वयंसेवेला निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर उभं राहून, तुम्ही येऊच नका, असं स्पष्ट सांगितलं होतं. मला ते पूर्ण पटत नाही. शहरातल्या प्रयोगशाळेत बसून चुलीवर पेपर लिहिणाऱ्याने चूल बघितलेलीच नसणं हेही काही भूषणावह नाही, आणि असे लोक मी पाहिलेत. जा. पण ज्याला शिकायला जाणं म्हणतात, त्याला सल्ला द्यायला जाणं म्हणू नका. नाव बदललं की हिशेबही बदलतो. शिकणारा फी भरतो आणि ती फी शिकवणाऱ्याकडे जायला हवी, म्हणजे वेळ देणाऱ्या, भाकरी वाढणाऱ्या बायकांकडे. आमच्या फीमधला किती भाग गटांपर्यंत पोचला, हे मी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा.

आणि सल्लाच द्यायचा असेल, तर तो कन्साइनमेंटवर द्या. माझ्या डोक्यात त्याचं रूप साधं आहे. ३,००० पिशव्यांऐवजी ५० साध्या पिशव्यांवर हाताने स्टिकर लावून एका बाजारात विकून बघायचं. त्याचा खर्च ट्रिपच्या पैशातून करायचा. फसलं तर आपलं नुकसान. गटाच्या बचतीला हात लागेल अशी एकही शिफारस, तिच्या परिणामापर्यंत आपण थांबणार नसू तर, करायचीच नाही. कॅनडातल्या ‘इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स’ने २००८ पासून आपल्याच फसलेल्या कामांचा अहवाल प्रसिद्ध करायला सुरुवात केली होती. आपल्याकडे प्रत्येक बॅचच्या पीपीटीत तशी एक स्लाइड मागच्या बॅचबद्दल असली तरी पुष्कळ होईल.

आता तो वजनाचा प्रश्न. मी पॅनेलवर नसते, त्यामुळे खात्रीने सांगणार नाही. पण ज्या दोन-तीन प्राध्यापकांशी बोलले, ते म्हणाले की ‘आराखडा तयार केला’ हे वाक्य दर वर्षी येतं. ‘आमची शिफारस चुकली, कारण आम्ही अमुक तपासलं नव्हतं’ असं वाक्य मात्र त्यांना क्वचितच दिसतं. पुढच्या संस्थेला अर्ज केला तेव्हा मी पिशव्यांची हकिगत चार ओळींत लिहिली. निवड त्यामुळे झाली की माझ्या नेटच्या गुणांमुळे, ते मला कळायला मार्ग नाही. एक नमुना आहे, तुलना गट नाही!

गेल्या महिन्यात मी अशा ट्रिपा चालवणाऱ्या तीन संस्थांना मेल केला. प्रश्न एकच होता. दोन वर्षांपूर्वीच्या बॅचने केलेल्या शिफारशींपैकी आज किती चालू आहेत? एकाकडून पुढच्या बॅचचं ब्रोशर आलं, अर्ली बर्ड सवलतीसह. दुसऱ्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. तिसरीकडच्या समन्वयक मॅडमनी मात्र फोन केला. बराच वेळ बोलल्या. म्हणाल्या, “खरं सांगू? आम्ही कधी मोजलंच नाही गं. फाइली सगळ्या आहेत. येऊन मोजतेस का?”

मार्गदर्शकांना विचारलं आहे. दिवाळीनंतर चार दिवस जाणार आहे, फाइली बघायला. कोणाला सोबत यायचं असेल तर खाली लिहा. एसटीचं भाडं आपलं आपण, आणि सल्ला कोणालाही द्यायचा नाही.