भूतकाळ बदलण्याची तृष्णा : ‘नाईन’ ही मालिका आणि धम्मविचार

दूरचित्रवाणीवरील मालिकांचे परीक्षण हा या नियतकालिकाचा नित्याचा विषय नव्हे. धम्मग्रंथ, लेणी आणि आंबेडकरी चळवळीचा इतिहास या मर्यादेतच आम्ही सहसा लेखन करतो. तथापि उरण येथील एका विहारात रविवारच्या वंदनेनंतर तरुण उपासक-उपासिकांशी बोलत असता एका तरुणाने जो प्रश्न विचारला, तो बाजूस सारणे आम्हांस योग्य वाटले नाही. भाषांतराच्या ओळी वाचत त्याने एक कोरियन मालिका पाहिली होती. त्याचा प्रश्न असा : “आपल्या घराचा भूतकाळ बदलण्याची संधी मिळाली, तर ती घेणे धम्मात बसते का?” हा प्रश्न करमणुकीतून उपजला असला तरी करमणुकीचा नाही. म्हणून आम्ही ती मालिका पाहिली. त्यावरून सुचलेले विचार येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मालिकेचे नाव ‘नाईन’, म्हणजे नऊ. 2013 साली मार्च ते मे या काळात दक्षिण कोरियातील टीव्हीएन या वाहिनीने तिचे वीस भाग प्रसारित केले. दिग्दर्शन किम ब्युंग-सू यांचे असून लेखनात सोंग जे-जंग यांचा प्रमुख वाटा आहे. कथानायक पार्क सन-वू हा वृत्तवाहिनीवरील निवेदक आहे व मेंदूतील गाठीमुळे त्याचे आयुष्य थोडेच उरले आहे. नेपाळमध्ये हिमालयात मरण पावलेल्या थोरल्या भावामुळे त्याला काही विलक्षण उदबत्त्यांचा शोध लागतो. उदबत्ती पेटविली की माणूस बरोबर वीस वर्षे मागे जातो आणि ती जळून संपेपर्यंत, म्हणजे अर्धा तास, तेथे राहू शकतो. अशा नऊ उदबत्त्या. 1992 साली वडिलांचा मृत्यू झाला आणि त्या घराची घडी विस्कटली. तो मृत्यू टाळावा, भावाचे उद्ध्वस्त जीवन सावरावे, घर पुन्हा उभे करावे, एवढीच नायकाची इच्छा आहे.

पुढे जे घडते ते विचार करण्याजोगे आहे. भावाचे त्याच्या प्रेयसीशी लग्न व्हावे म्हणून नायक भूतकाळात हस्तक्षेप करतो. लग्न होते. परंतु नायक जिच्यावर प्रेम करतो ती मुलगी त्याच स्त्रीची कन्या असल्यामुळे वर्तमानात परतल्यावर ती त्याची पुतणी झालेली असते. एक दुःख निवारले, त्यातून दुसरे उभे राहिले. वडिलांचा प्राण वाचत नाही तो नाहीच. शेवटी नायक स्वतःच भूतकाळात अडकून पडतो आणि मालिका आपला शेवट मोकळा सोडते.

या रचनेत एक गुण आहे व तो आम्ही प्रांजळपणे मान्य करतो. कोणतीही घटना एकटी नसते, हे मालिकेच्या कर्त्यांना पक्के उमगले आहे. हे असता ते होते, हे नसता ते होत नाही, असा प्रतीत्यसमुत्पादाचा गाभा आपण धम्मवर्गात शिकवितो. तो समजावून सांगताना उपासकांच्या चेहऱ्यावर पुष्कळदा कोरेपण दिसते. भावाचे लग्न आणि पुतणी झालेली प्रेयसी या एका प्रसंगाने तो नियम कोणासही क्षणात कळेल. एक धागा ओढला की सारे वस्त्र हलते. या दृष्टीने मालिका धम्माच्या फार जवळ येते.

पण जवळ येऊन ती थांबते. घराचा भूतकाळ ही त्या घराची खाजगी मालमत्ता आहे, या गृहीतावर तिचा सारा डोलारा उभा आहे. एक रात्र होती, त्या रात्री एक अपघात झाला, ती रात्र दुरुस्त केली की घर दुरुस्त होईल, असा हा हिशेब आहे. डॉक्टरांच्या सुस्थित कुटुंबाला तो लागू पडत असेल. आपल्या आजा-पणज्यांच्या घरांना तो लागू पडेल काय? ज्या घरात मेलेले ढोर ओढणे हे काम होते, शिळ्या भाकरीचे बलुते हे वेतन होते आणि सार्वजनिक पाणवठ्यावर मज्जाव हा नियम होता, त्या घरात नेमकी कोणती रात्र चुकली? तेथे चुकलेली अशी एक रात्र नव्हतीच. तेथे व्यवस्था होती. नऊ उदबत्त्यांचे मिळून साडेचार तास होतात. साडेचार तासांत एखादा माणूस अपघातातून वाचविता येईल. शेकडो गावांच्या रूढीने घडविलेले जिणे एकट्याने मागे जाऊन बदलता येणार नाही.

मराठी वाचकास या संदर्भात डॉ. जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या विज्ञानकथेचे स्मरण होईल. पानिपतची 1761 मधील लढाई मराठ्यांनी जिंकली असती तर, या कल्पनेवर ती कथा आधारलेली आहे. तिचा हेतू वैज्ञानिक तत्त्व रंजक रीतीने मांडण्याचा आहे आणि तिच्या गुणांविषयी आम्हांस शंका नाही. परंतु आंबेडकरी वाचकाने तेथे आपला प्रश्न विचारलाच पाहिजे. पेशवाईचा जय झाला असता, तर गावकुसाबाहेरच्या माणसाचे काय झाले असते? मराठी मनाला भूतकाळ बदलण्याची मुभा मिळाली की ते पानिपतावर धाव घेते; आपले मन तिकडे धावत नाही. कोणता भूतकाळ बदलावा हे ज्याचे त्याचे दुःख ठरविते. कल्पनेच्या राज्यातसुद्धा सर्वांचा भूतकाळ एक नसतो.

उरणच्या त्या चर्चेतही हाच अनुभव आला. मागे जाता आले तर कोठे जाल, असे विचारल्यावर काहींनी नवी मुंबईसाठी झालेल्या भूसंपादनाचा काळ सांगितला. 1970 साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. 16 व 17 जानेवारी 1984 रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात उरण तालुक्यातील पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात बळी पडले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व आले. त्या गोळ्या परतवाव्यात असे उरणकरास वाटणे स्वाभाविक आहे आणि आम्हांसही तसेच वाटते. तेव्हा मागच्या रांगेतील एक उपासिका म्हणाली, “आमच्या आजोबांच्या नावावर जमीनच नव्हती. ती वाचवायला आम्ही कोणत्या सालात जायचे?” सभेत कोणी बोलले नाही. जमिनीचा मोबदला सातबाऱ्यावरून ठरतो आणि सातबाऱ्यावर नाव नसण्याचे कारण 1970 च्याही फार मागे आहे. त्या एका वाक्याने मालिकेची मर्यादा आमच्या परीक्षणापेक्षा अधिक स्पष्ट केली.

येथे कोणी म्हणेल की व्यवस्थेचे राहू द्या. आपल्या माणसाचा मृत्यू टळावा असे वाटणे तर चूक नाही ना? अर्थातच नाही. 1926 साली बाबासाहेबांचा लाडका पुत्र राजरत्न गेला. त्याआधीही या दांपत्याने आपली मुले गमावली होती. मित्रास लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी आपले दुःख मोकळे केले आहे. उदबत्ती हाती असती, तर त्या बालकाच्या उशाशी औषध घेऊन जाणार नाही असा आपल्यात कोण आहे? पण बाबासाहेबांनी काय केले ते पाहावे. राजरत्नच्या मृत्यूस वर्षही झाले नव्हते, तोच 20 मार्च 1927 रोजी ते महाडच्या चवदार तळ्यावर उभे होते. शोक त्यांनी टाकून दिला नव्हता, परंतु जे परत येणार नव्हते त्याच्या मागे जाण्याऐवजी जे बदलता येणार होते तिकडे त्यांनी पाऊल टाकले.

किसा गोतमीची कथा आपण सर्व जाणतो. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरत होती. एका अर्थाने तीही काळ मागे फिरवू पाहत होती. तथागतांनी तिला चमत्कार दिला नाही. जेथे कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणावयास सांगून त्यांनी तिला दारोदार पाठविले. त्या फेरीत तिचे दुःख तिच्या एकटीचे राहिले नाही. ‘नाईन’चा नायक शेवटपर्यंत आपल्याच घराच्या दारात उभा आहे. दुसऱ्याचे दार तो ठोठावीत नाही. म्हणून वीस भागांनंतरही त्याच्या शोकाला वाट मिळत नाही.

मालिकेच्या अखेरीस प्रेक्षकाच्या मनावर जो ठसा उमटतो तो नियतीचा. कितीही धडपड करा, होणारे टळत नाही, असा तो भाव आहे. येथे आम्ही मतभेद नोंदवितो. मनुष्य जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, या निगंठांच्या मताचे तथागतांनी देवदह सुत्तात खंडन केले आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी याच मुद्द्याचा सामाजिक अर्थ उलगडला. दरिद्री आणि दलितांच्या स्थितीला त्यांचेच पूर्वकर्म कारण ठरविले की समाज व राज्य आपल्या जबाबदारीतून मोकळे होतात, हे त्यांनी दाखवून दिले. नियतीवाद हा पूर्वकर्मवादाचाच धाकटा भाऊ आहे. भूतकाळ अटळ होता हे खरे असले, तरी त्यावरून भविष्यही अटळ आहे असे सिद्ध होत नाही. बोटांची माळ घालणारा अंगुलिमाल भिक्खू झाला. त्याने केलेल्या हत्या पुसल्या गेल्या नाहीत; भिक्षेला जाता लोकांचे दगड त्याला सोसावे लागले. परंतु त्याच्या हातून पुढची हत्या झाली नाही. जे घडले ते धम्म पुसत नाही, ते पुढे चालू राहणे मात्र थांबवितो.

याच दृष्टीने 14 ऑक्टोबर 1956 या दिवसाकडे पाहावे. नागपूरला दीक्षा घेणाऱ्यांपैकी कोणाचाही भूतकाळ त्या दिवशी बदलला नाही. तथापि बावीस प्रतिज्ञा उच्चारून त्यांनी त्या भूतकाळाचे वारसदार होण्याचे नाकारले. आपल्या घरांना काळयंत्राची गरज पडली नाही, ती यामुळे.

परंतु मालिकेचे एक अंग आपल्यालाही आरसा दाखविणारे आहे, आणि ते सांगितल्याविना हे परीक्षण अपुरे राहील. वडिलांचा खुनी बाहेरचा एक दुष्ट मनुष्य आहे, अशी नायकाची वर्षानुवर्षे समजूत असते. मागे गेल्यावर त्याला कळते की झटापटीत वडिलांचा जीव गेला तो त्याच्याच थोरल्या भावाच्या हातून. बाहेरच्या माणसाने ते केवळ झाकले. आमच्या मते मालिकेतील सर्वांत धैर्याचा भाग हाच. आपले दुःख व्यवस्थेने दिले हे आपण वर म्हटले व त्यावर आम्ही ठाम आहोत. पण आपल्या घराच्या आत जे घडले त्याचा सारा दोष बाहेरच्यांवर टाकून भागेल काय? बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ हे 1986 साली पुस्तकरूपाने आले. वस्तीतील सुनांनी घरातल्याच माणसांकडून सोसलेला छळ त्यांनी त्यात निर्भीडपणे लिहिला. दलित आत्मकथने येऊ लागली तेव्हा ‘हे उघडे कशाला करता’ असा प्रश्न आपल्याच घरांतून विचारला गेला होता, हे विसरू नये. आजही नव्या वसाहतींत राहावयास गेलेल्या कित्येक घरांत आजोबा गावात कोणते काम करीत, हे नातवंडांना सांगितले जात नाही. हाही भूतकाळ बदलण्याचाच प्रयत्न होय; त्याला उदबत्ती लागत नाही, मौन पुरते. नकोसे ते मुळी नव्हतेच असे व्हावे, या तृष्णेला धम्मात विभवतृष्णा म्हटले आहे. तिने दुःख शमत नाही. लपविलेला भूतकाळ पुढच्या पिढीला लाज म्हणून मिळतो. सांगितलेला भूतकाळ तिला बळ म्हणून मिळतो.

त्या तरुणाच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे आहे. घराचा भूतकाळ बदलण्याची इच्छा करुणेतून आलेली असेल तर ती निंद्य नाही. पण तिच्यात रमणे व्यर्थ आहे, आणि तिच्यापायी सत्य लपविणे घातक आहे. भूतकाळ बदलता येत नाही. तो जाणता येतो.

जाणण्याजोगे पुष्कळ शिल्लक आहे. उरण तालुक्यातीलच घारापुरी बेटावर दरवर्षी असंख्य प्रवासी जातात, शिवलेणी पाहतात आणि परततात. त्याच बेटाच्या पूर्वेकडील टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत व तेथे बौद्ध लेणीही आहेत, हे उरणच्या किती शाळकरी मुलांना ठाऊक आहे? तेथे जाण्यास होडी पुरते. धम्मवर्गाच्या मुलांना एकदा तेथे न्यावे, आणि परत आल्यावर प्रत्येकाने आपल्या घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ अर्धा तास बसून त्यांचे जिणे ऐकून लिहून काढावे, अशी आमची उरणच्या उपासकांस सूचना आहे. वंदनेच्या वेळी आपण विहारात लावतो ती उदबत्तीही साधारण तेवढाच वेळ जळते.