अल्बमच्या उंबऱ्यावर

'अल्बम ओरिएंटेड रॉक' हे नाव मराठीत आणायला बसले की माझी गाडी 'ओरिएंटेड'पाशी अडते. अल्बमकडे तोंड करून उभा असलेला, पण आत न शिरणारा, असा काहीसा अर्थ मला त्यात ऐकू येतो. अमेरिकी रेडिओवरच्या या प्रकाराची सगळी कहाणी त्या एका शब्दात आहे.

१९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या केएमपीएक्स केंद्रावर टॉम डॉनह्यूने मुक्त प्रसारण सुरू केले. मोठ्या शहरांतील एफएम केंद्रांनी एएमचेच कार्यक्रम दिवसभर ऐकवू नयेत, हा सरकारी नियम अशा प्रयोगांच्या पथ्यावर पडला. निवेदक लांबलचक गाणी लावत, ब्लूजशेजारी रॉक ठेवत. कशानंतर काय, हे ठरवणे म्हणजे संपादनच होते.

सत्तरच्या दशकात ली अब्राम्ससारख्या सल्लागारांनी श्रोत्यांच्या पाहण्यांवरून साचा बेतला आणि तो केंद्राकेंद्रांना दिला. कोणत्या अल्बममधले कोणते गाणे, हा निर्णय निवेदकाच्या हातून निसटत गेला. १९९६च्या दूरसंचार कायद्याने एका मालकाकडे देशभरात किती केंद्रे असावीत यावरची मर्यादा उठवली. क्लिअर चॅनेलकडे हजारावर केंद्रे जमली. १९६८ पासून रॉक वाजवणारे बॉस्टनचे डब्ल्यूबीसीएन २००९ मध्ये एफएमवरून उतरले.

टॉम पेटीच्या 'द लास्ट डीजे' (२००२) या अल्बमचा रोख धंदेवाईकांच्या हावरटपणावर आहे. तो राग खरा आहे, पण मला अपुरा वाटतो. मालकी एकवटण्याच्या कितीतरी आधी या साच्याने दारे लावून घेतली होती. जिमी हेंड्रिक्ससारखे अपवाद सोडले तर कृष्णवर्णीय कलावंतांना तिथे फारशी जागा नव्हती. श्रोत्यांना काय आवडते असे विचारले, की ते ओळखीचेच सांगणार. तेच पुन्हा वाजणार आणि अधिक ओळखीचे होणार. या चक्राला खलनायक लागत नाही.

हे लिहिताना मी स्वतःला बाहेर ठेवू शकत नाही. संपादक 'गाजलेल्या चारपाच कविता द्या' म्हणतात आणि मी संग्रहातून त्याच कविता उचलून देते. त्यांच्या मागेपुढे कवीने काय ठेवले होते, हे परभाषक वाचकाला कळतच नाही. पुढच्या खेपेला निदान सलग तीन पाने मागून घ्यायची, एवढे तरी ठरवले आहे.