कायोटीची दरी आणि पिंक फ्लॉइडची घड्याळं

आज आपण दोन जुन्या गोष्टी शेजारी ठेवून बघणार आहोत. एक म्हणजे चक जोन्स यांची रोड रनरची कार्टून्स आणि दुसरी म्हणजे पिंक फ्लॉइडचा १९७३ सालचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम. दोन्हींचं नाव निघालं की आपण एकच उद्गार काढतो : काय दिवस होते ते! आमचं म्हणणं असं, की ही हळहळ कार्टूनला मानवते, पण या अल्बमचं ती नुकसान करते.

आधी साम्य बघू. दोन्ही कामं वेळ मोजून, तुकडे करून, हातानं जोडलेली आहेत. पहिलं रोड रनर कार्टून १९४९चं. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम्स सरकतात. तो कायोटी कड्यावरून पडतो, खाली ठिपका होऊन दिसेनासा होतो आणि मग धुळीचा लहानसा लोट उठतो. जोन्स यांनी सांगून ठेवलंय, की या दोहोंमधलं अंतर १४ फ्रेम्सचं हवं. तेरा केल्या तर हसू येत नाही, पंधरा केल्या तरी येत नाही. म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जरासा जास्त वेळ, बस्स!

आता अल्बमकडे या. ‘मनी’ या गाण्याच्या सुरुवातीला नाणी, गल्ल्याचं यंत्र, कागद फाटल्याचे आवाज आहेत. ते फितीवर ध्वनिमुद्रित करून, तुकडे पट्टीनं मोजून कापले, चिकटवले आणि त्यांचं गोल कडं करून फिरवत ठेवलं. ‘टाइम’मधली घड्याळं ध्वनिमुद्रक अॅलन पार्सन्स यांनी एकेक करून टिपली होती, ती एकदम ठणाणतात ही जुळवणी स्टुडिओतली.

इथे बर्गसाँ आठवतो. १९००च्या ‘हास्य’ या ग्रंथात तो म्हणतो, की जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की आपल्याला हसू येतं. कायोटी नेमका असाच आहे. पडतो, चेपतो, जळतो आणि पुढच्या दृश्यात पुन्हा धडधाकट! अंगावर व्रण नाही, वय वाढत नाही. त्याच्या जगात वेळ मोजला जातो, पण सरत नाही. म्हणून तर आपण निर्धास्त हसतो.

अल्बमचं सगळं उलट आहे. त्यात वेळ सरते आणि परत येत नाही. ‘टाइम’ लिहिताना रॉजर वॉटर्स तिशीच्याही अलीकडे होते, आणि गाणं मात्र हातातून निसटलेल्या वर्षांचं. मग पहिल्या बाजूच्या शेवटी क्लेअर टॉरी यांचा तो शब्दाविना उंचावणारा आवाज येतो, मृत्यूसमोर उभा असल्यासारखा. तो विरतो आणि तबकडी संपते. आता बघा, ऐकणाऱ्याला उठावं लागायचं, तबकडी उलटावी लागायची, आणि मग पहिला आवाज यायचा तो नाण्यांचा! मरणानंतर लगेच पैसा. मधल्या त्या शांततेनं जे सांगितलं, ते कुठल्या कडव्याला जमलं नसतं. आज सगळं सलग वाजतं आणि ती जागाच बुजते.

अल्बम निर्दोष आहे असं मात्र नव्हे. ‘मनी’तला उपहास आम्हाला तोकडा वाटतो. रूपक ऐकणाऱ्यांना सात मात्रांचं अप्रूप नाही, पण ती नाणी त्या सातात इतकी गोड बसलीत, की आपण मजेत ताल धरतो. ज्या हव्यासाला टोचायचं, त्याचाच ठेका आवडू लागतो. इथे अल्बमचं कार्टून होतं. कुणालाच इजा होत नाही.

सुरुवातीला हृदयाचे ठोके आहेत, शेवटीही ठोकेच. त्यामुळे काहींना वाटतं, की वर्तुळ पूर्ण झालं, चला, पुन्हा लावू. पण शेवटचे ठोके विरत जातात. आवाज तोच असला तरी वेळ ती नाही.

आणि आपली स्मरणरंजनाची सवय नेमकं हेच पुसून टाकते. विशीत ऐकलेली तबकडी सत्तरीत लावली, की पुन्हा विशीत गेल्यासारखं वाटतं. म्हणजे आपण स्वतःला कायोटी समजतो : पडलो तरी पुढच्या दृश्यात कोरे करकरीत. हा दिलासा द्यायला कार्टून समर्थ आहे, ते त्याचं कामच आहे. अल्बमकडून तो मागू नये. त्यानं आपल्याला सावध करण्यासाठी घड्याळं वाजवली आणि आपण तीच घड्याळं अंगाई म्हणून ऐकतोय.

तेव्हा एक करून बघा. पहिली पाच गाणी संपली, की दोन मिनिटं वाजवणं थांबवा. काही करू नका. मग ‘मनी’ लावा. ती नाणी तेवढी गोड लागतात का, ते आम्हाला जरूर सांगा.

आता आपले प्रश्न घेऊ.